लाकडी जमीन : तीन ठेकेदार, तीन सल्ले, कोणाचं ऐकू?

खिडकीपाशी

मंडळी, दोन खोल्यांच्या जमिनीचं काम काढलंय आणि तीन ठेकेदारांनी मिळून डोक्याचा भुसा केलाय. खरा भुसा अजून पडायचाच आहे.

आधी खोल्या सांगते. पहिली आईची. तिथे ओकच्या अखंड लाकडाच्या पट्ट्या आहेत, चार बोटं रुंद. वडिलांनी त्या बसवून घेतल्या तेव्हा मी शाळेत होते. मधे एकदाच घासून पॉलिश झालं. आता दारापासून खिडकीपर्यंतच्या चालायच्या वाटेवर पॉलिश पार उडालंय, लाकूड करडं पडलंय. खिडकीखाली काळा अर्धगोल डाग आहे. तिथे लोखंडी तिवईवर कुंडी असायची आणि पाणी घालताना आईचा हात सढळ. शिवाय तिच्या शिवणयंत्राच्या चार पायांचे चार खळगे. यंत्र आता नाही, आईही नाही. खळगे आहेत.

दुसरी खोली तिला लागूनच. तिथली जुनी फरशी उखडून नवा कोबा घातला, त्याला आज पाच आठवडे झाले. तिथे नवीन लाकूड बसवायचंय, आईच्या खोलीशी मिळतंजुळतं.

पहिल्या ठेकेदाराने फोनवरच आकडा सांगितला. खोल्यांची मापं विचारली, बाकी काही नाही. "तीन दिवसांत दोन्ही चकाचक, ताई." बोलायला इतका गोड की मी जवळजवळ हो म्हणून बसले होते.

दुसरा आला तो हातात दोन टोकदार पिनांचं मीटर घेऊन. दारातली पट्टी काढून तिथे आडवा पडला आणि टॉर्च लावून लाकडाची जाडी बघत बसला. मलाच प्रश्न विचारले, वीस तरी असतील. कोबा कधी घातला, जाडी किती, खाली प्लास्टिक घातलंय का, जमिनीला कधी मेण लावलं होतं का, खिडकी उघडी असते की बंद. शेवटी म्हणाला, जुनी खोली करून देतो, नवीचं आत्ता नाही जमणार, कोबा ओला आहे. कधी जमेल ते महिन्याभराने मोजून सांगेन. म्हणजे मी पैसे द्यायला तयार आणि हा घ्यायला तयार नाही!

तिसरा म्हणतो, जुन्या लाकडात आता जीव नाही, सगळं उखडा आणि दोन्हीकडे एकसारखं एंजिनिअर्ड वुड (प्लायसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर) टाका. त्याच्या बोलण्यात "मॅडम, आजकाल" हे दोन शब्द दर वाक्यात होते.

आकड्यांत दुसरा सर्वांत महाग, पहिला सर्वांत स्वस्त. मला पहिलाच बरा वाटत होता, पण काल रात्री आईच्या खोलीत बसले आणि हात अडखळला. विचारायचंय ते असं, की जुनी जमीन वाचेल का, काळा डाग जाईल का, आणि कोबा "ओला आहे" हे खरं की वेळ काढायची युक्ती? वरून तर तो ठणठणीत कोरडा दिसतोय. आणि खळगे मला घालवायचे नाहीत. हसू नका.

---

ठेचकाळलेला

हसत नाही. पण पहिल्याला हो म्हणू नका, हात जोडून सांगतो.

माझा कोबा सहा आठवड्यांचा होता, तोही वरून ठणठणीत. आमचा ठेकेदार असाच गोडबोल्या. लाकूड गाडीतून उतरलं ते थेट खोलीत गेलं, चौथ्या दिवशी जमीन तयार. आरशासारखी. त्याच संध्याकाळी "काम समाधानकारक" अशा कागदावर माझी सही घेऊन शेवटचा हप्ताही नेला. तीन महिन्यांत प्रत्येक पट्टी पन्हाळीसारखी झाली, कडा वर आणि मधे खोलगट. अनवाणी चाललं की पायाला जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखं वाटायचं.

फोनवर फोन केले, मग तो आला आणि म्हणाला घासून सपाट करून देतो. दिलीही. मला वाटलं, चला, शब्दाचा पक्का आहे. पुढे हवा कोरडी झाली आणि पट्ट्या उलट झाल्या, मधे फुगवटा आणि कडा खाली. त्यानंतर फोन उचलला जाईना. आता ती खोली मी गालिचा टाकून झाकलीय आणि पाहुण्यांना तिकडे नेत नाही.

तुमचा दुसरा माणूस ओल मोजतोय. माझ्याकडे कोणी मोजली असती तर बरं झालं असतं.

---

गुडघेटेकू

नावावरून ओळखलंच असेल, २६ वर्षं जमिनीवर गुडघे टेकून पोट भरलं. आता गुडघे गेले, भाचा काम बघतो, मी खुर्चीत बसून चुका काढतो. त्यामुळे वेळ भरपूर आहे, लांब लिहिणार.

ताई, आधी कोबा. त्याचा वरचा थर पहिल्यांदा वाळतो, म्हणून डोळ्याला कोरडा दिसतो. पाणी पोटात असतं. वर लाकूड आणि पॉलिशचं झाकण बसलं की ते पाणी हळूहळू वर येऊन लाकडाच्या खालच्या अंगाला लागतं. ढोबळ ठोकताळा असा की इंचभर जाडीला महिनाभर, तेही हवा खेळती असेल तर. पण ठोकताळ्यावर लाकूड बसवायचं नाही. कोब्यात भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब ठेवतात, एका बाजूने वाळणाऱ्या कोब्यात जाडीच्या ४० टक्के खोलीवर, आणि आकडा घेतात. किती आकडा चालेल ते चिकटवायच्या गमच्या डब्यावर छापलेलं असतं, ठेकेदाराला तो डबा दाखव म्हणायचं. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर हातभर प्लास्टिकचा जाड कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. खाली दव धरलं किंवा कोबा काळपट झाला तर ओल आहेच. मात्र काहीच दिसलं नाही तर ओल नाही असं समजू नका, ही चाचणी पकडली तर पकडते.

ठेचकाळलेले भाऊ, तुमच्याकडे झालं ते असं. खालून ओल आली, पट्टीचं पोट फुगलं, पाठ तेवढीच राहिली, म्हणून कडा वर आल्या. अशा वेळी करायचं ते एकच, ओलीचं मूळ बंद करून थांबायचं. बऱ्याच जमिनी वाळल्यावर आपसूक सपाट होतात, निदान बऱ्यापैकी. तुमच्या माणसाने ओल्या अवस्थेत वर आलेल्या कडा घासून टाकल्या. मग पोट वाळून पट्टी मूळ आकारात आली तेव्हा कडांना लाकूडच कमी, म्हणून मधला भाग उंच. शब्दाचा पक्का असेल हो, कामाचा कच्चा होता. गालिचा उचला आणि कोणाकडून तरी मीटर लावून घ्या. ओल खाली आली असेल आणि जाडी शिल्लक असेल तर अजून सुधारता येईल.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हे किती ते कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. साध्या चिराईच्या लाल ओकची ४ मीटर रुंदीची खोली धरा. लाकडातली ओल ३ टक्क्यांनी वाढली आणि पट्ट्यांना मोकळं फुगू दिलं, तर सगळ्या मिळून ४ सेंटीमीटरच्या वर रुंदी मागतात. खिळे आणि गम त्यातलं बरंचसं दाबून धरतात, पण जोर जातो कुठे? म्हणून भिंतीलगत फट सोडायची, १९ मिलीमीटरच्या अखंड पट्टीला साधारण पट्टीच्या जाडीएवढी, आणि ती स्कर्टिंगखाली लपवायची. भिंतीला टेकवून बसवलेली जमीन मधून उचलली गेलेली मी स्वतः पाहिलीय, दार उघडेना म्हणून बोलावलं होतं.

यासाठीच नवीन लाकूड आधी त्याच खोलीत आणून गठ्ठे सोडून ठेवतात. "तीन दिवस ठेवा", "सात दिवस ठेवा" असं लोक सांगतात, पण दिवस मोजून काही होत नाही, मीटर मोजायचं. आमचा नियम असा, खाली प्लायचा तळ असेल तर तळ आणि पट्टी यांच्या ओलीत ३ इंचांहून अरुंद पट्टीला ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, त्याहून रुंद पट्टीला २ टक्क्यांपेक्षा नको. खिडक्यांना काचा नाहीत आणि भिंतींचा गिलावा ओला आहे अशा खोलीत लाकूड ठेवलं तर ते ओलच पिणार. तेव्हा रंगारी, गवंडी सगळे गेल्यावर लाकूड आत.

आता आईची खोली. तिसऱ्याने "जीव नाही" म्हणताना जाडी पाहिली का? दुसऱ्याने पाहिली, दारातली पट्टी त्यासाठीच काढली. पट्टी किती जाड यापेक्षा तिच्या जिभेच्या, म्हणजे शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या, वर किती लाकूड आहे ते महत्त्वाचं. १९ मिलीमीटरच्या पट्टीत ते नवीन असताना साधारण ६ मिलीमीटर असतं. चांगला कारागीर एका पूर्ण घासकामात अर्धा ते एक मिलीमीटर काढतो. तुमची एकदाच घासलीय, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. खिळ्यांची डोकी वर दिसायला लागली किंवा खाचेवरची कड चिरफळ्या होऊन उडायला लागली, तर मात्र संपली म्हणायची.

काळ्या डागाचं कारण तुम्हीच लिहिलंत. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, तिवईचं लोखंड आणि पाणी मिळालं की काळं होतं, जुन्या शाईसारखं. असा डाग घासून पूर्ण जात नाही, खोल उतरलेला असतो. आधी घासायचं, मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावायचं. लोखंडाच्या डागावर ते चांगलं चालतं. विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलं आणि जनावरं घराबाहेर, आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसून नीट वाळू द्यायचं. सुकून पांढरे खडे राहिले तर ते कोरडे घासायचे नाहीत, नाकात जातात. मग पुसलेल्या भागावर लाकडाची लव उभी राहते, ती बारीक कागदाने हलकेच काढायची. डाग फिका होईल, शंभर टक्के जाईल असं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फारच खोल असेल तर तेवढ्या तीनचार पट्ट्या बदलता येतात. त्यासाठी नवीन लाकूड आणू नका, त्याच खोलीतल्या कपाटाखालच्या पट्ट्या काढून डागाच्या जागी बसवा आणि नवीन लाकूड कपाटाखाली जाऊ द्या. वय सारखं, रंग सारखा, कोणाला कळणार नाही.

मेणाचा प्रश्न त्याने का विचारला? मेण असलं की वरून नवं पॉलिश धरत नाही, सालपटं निघतात. पांढऱ्या फडक्यावर टर्पेंटाइनसारखं थिनर घेऊन कोपऱ्यात चोळा, फडक्यावर पिवळट तपकिरी चिकट आलं तर मेण आहे. पूर्ण घासणार असाल तर फारसा फरक पडत नाही, पण कागद लगेच भरतो, कारागिराला आधी माहीत असलेलं बरं.

खळग्यांचं शेवटी लिहितो, कारण त्यात माझं मत आहे. सांगून ठेवा, नाहीतर कारागीर तुमच्यावर उपकार म्हणून ते घालवेल. ओलं फडकं आणि गरम इस्त्री लावली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं, हे आम्ही रोज करतो. किंवा लाकडाच्या भुशाची लांबी, म्हणजे खड्डे-फटी बुजवायचा लगदा, करून भरेल. म्हणून लेखी द्या, "हे चार खळगे भरायचे नाहीत, उचलायचे नाहीत". मशीन त्यावरून गेलं की थोडे उथळ होतील, तेवढं चालवून घ्या. आतलं जुनं पॉलिश हाताने खरवडावं लागेल, त्याची मजुरी तो वेगळी मागेल, द्या.

---

हौशी_हातोडी

एवढा कशाला घोळ? घासायचं मशीन भाड्याने मिळतं. मी माझी अभ्यासिका शनिवार-रविवारात स्वतः केली. ठेकेदारांच्या नादी लागायचं कारण नाही.

---

गुडघेटेकू

फोटो टाका. खिडकीकडून तिरका उजेड पडलेला, सकाळचा.

---

हौशी_हातोडी

बरं, लाटा दिसतात. दाराजवळ एक गोल खड्डाही आहे, तिथे फोन वाजला होता.

---

गुडघेटेकू

प्रामाणिक माणूस. घासकागद गुंडाळलेला ड्रम फिरत असताना मशीन एका जागी थांबलं की श्वास घेण्याच्या आत खड्डा पडतो. चालायला लागल्यावर ड्रम टेकवायचा आणि थांबायच्या आधी उचलायचा, हे हाताला यायला आम्हाला मालकाने सहा महिने फक्त कडेचं मशीन दिलं होतं. साध्या खोलीत हौस करायला माझी हरकत नाही, पण ताईंच्या खोलीत एकदाच संधी आहे.

आणि एक, घासायचं नसेल पण वरचं पॉलिश नुसतं निस्तेज झालं असेल, तर हौशी माणसालाही जमण्यासारखं काम असतं. बफरला (गोल फिरणाऱ्या घासणीच्या मशीनला) जाळीचा कागद लावून पॉलिशवर ओरखडे पाडायचे, पुसायचं, वरून एक हात द्यायचा. लाकडाला धक्काच नाही. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब तसेच उभे राहिले तर पॉलिश शाबूत, हे काम पुरेल. लाकूड काळवंडून पाणी प्यायला लागलं तर पूर्ण घासायला हवं. ताईंचं करडं पडलंय म्हणजे घासायलाच हवं.

---

तिरकी_रेघ

कामाचं काकांनी सांगितलंच आहे. मी ऑफिसात करारनामे वाचते, त्यामुळे माझी नजर कागदावर जाते.

तीन आकडे तुम्ही एकमेकांशेजारी ठेवलेत, पण ते एकाच कामाचे आहेत का? पहिल्याच्या आकड्यात स्कर्टिंग काढून परत लावणं आहे? जमीन उंच झाल्यावर दारं खालून कापणं? सामान हलवणं, राडारोडा उचलणं? माझ्या बहिणीकडे स्वस्त आकड्यातून हे सगळं "वरचं" निघालं आणि शेवटी ती महागवाल्याच्या पुढे गेली. तिघांनाही एकच यादी द्या आणि त्यावरच भाव मागा. पॉलिशचे हात किती, कुठल्या कंपनीचं, कुठलं पॉलिश, चकचकीत की मॅट, हे शब्दांत लिहून घ्या. "उत्तम दर्जाचं पॉलिश" असं लिहिणारा काहीही लावू शकतो. लाकूड मापापेक्षा किती जास्त मागवणार तेही. सरळ बसवायचं तर ५ ते १० टक्के तुटफूट धरतात, तिरकं किंवा माशाच्या काट्यासारखं असेल तर जास्त. उरलेल्या पट्ट्या तुमच्या घरी राहतील, हेही लिहा. उद्या एखादी बदलायची वेळ आली तर त्याच लागतील.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नको. आणि शेवटचा हप्ता पॉलिशच्या संध्याकाळी कधीही नाही. पॉलिश ओलं असताना सगळंच सुंदर दिसतं. वाळल्यावर, दिवसाच्या तिरक्या उजेडात, सगळे कोपरे बघून. हमी किमान एक वर्षाची मागा, म्हणजे दमट आणि कोरडे दोन्ही दिवस तिच्यात येतात.

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारते : बोलतोय तो माणूसच काम करणार आहे का? पुष्कळदा येतो एक आणि गुडघ्यावर बसतो दुसराच.

---

खिडकीपाशी

बाप रे, तुम्ही सगळ्यांनी माझी झोप उडवली आणि मग लावलीही.

काकांनी सांगितलेलं प्लास्टिक काल सकाळी चिकटवलं. आज उचललं तर खाली अक्षरशः थेंब. पहिल्या ठेकेदाराला फोन करून विचारलं, तुम्ही ओल मोजता का? तो म्हणाला, "ताई, इतकी वर्षं काम करतोय, पायाने कळतं." मी फोन ठेवला.

दुसऱ्याला जुनं काम दाखवा म्हटलं. त्याने गेल्या महिन्यातलं दाखवायची तयारी दाखवली, पण मी हट्टाने तीन वर्षांपूर्वीचं मागितलं. गेले. त्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की कोरड्या दिवसांत एका कडेला फटी पडतात आणि परत मिटतात, आणि तो एकदा येऊन मोकळेपणाने बघून गेला. हे ऐकून मला "काहीच तक्रार नाही"पेक्षा जास्त बरं वाटलं.

आता दोन शंका. तो म्हणतो पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) लावू, वास कमी आणि लवकर वाळतं. माझ्या मामांचं म्हणणं तेलातलंच टिकतं. आणि नव्या खोलीसाठी तोही एंजिनिअर्डच सुचवतोय, म्हणजे तिसरा अगदीच चुकीचा नव्हता का?

---

गुडघेटेकू

तिसऱ्याची वस्तू बरोबर होती, जागा चूक. नवीन कोब्यावर एंजिनिअर्ड शहाणपणाचंच. प्लायसारखे आडवे-उभे थर असल्यामुळे ओलीला कमी हलतं. फक्त वरचा खऱ्या लाकडाचा थर किती ते विचारा. ३-४ मिलीमीटर असेल तर पुढे एकदोनदा घासता येतं, मिलीमीटरभर किंवा त्याहून कमी असेल तर घासायचं नावच काढू नका. ते बसवायच्या आधी कोब्यावर ३ मीटरची सरळ पट्टी फिरवून घ्या, खाली ५ मिलीमीटरपेक्षा जास्त उजेड दिसला तर आधी लेव्हल करायचं. उंचसखल तळावर बसवलं की चालताना टकटक आवाज येतो आणि माणूस लाकडाला शिव्या देतो.

पॉलिशचं म्हणाल तर मामांच्या काळात त्यांचं बरोबर होतं. आता पाण्यातलीही चांगली मजबूत निघालीत, विशेषतः दोन डब्यांची, कडक करणारं द्रव्य वेगळं असतं ती. मुख्य फरक रंगाचा आहे. तेलातलं लाकडाला मधाळ करतं आणि वर्षागणिक पिवळं होत जातं. पाण्यातलं जवळपास बिनरंगी राहतं, ओक त्यात थोडा फिकट दिसतो. आईची खोली तुम्हाला मधाळ आठवते की फिकट, त्यावर ठरवा. आधी घासलेल्या जमिनीवरच कोपऱ्यात दोन्हीचे वीतभर नमुने लावून घ्या, दिवसा बघा, दिव्यात बघा.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घ्या. तेलातल्याच्या दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जातो, पाण्यातल्याच्या काही तास. पण हाताला कोरडं लागणं आणि पूर्ण पिकणं वेगळं. पाण्यातलं पिकायला आठवडा-दोन आठवडे, तेलातलं महिनाभर. तोवर गालिचा टाकायचा नाही, सामान ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. आणि पाणी टाकून पुसणं तर कधीच नाही, पिकल्यावरही पिळलेलं फडकं बास.

जाता जाता तीन गोष्टी, चुकवू नका. घासायच्या आधी एखाद्या थरात जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तपासल्याशिवाय भुसा उडवू द्यायचा नाही. मशीनची भुशाची पिशवी रात्री घरात भरलेली राहता कामा नये, तिने पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. आणि तेलातलं काही लावलंच तर पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपला आपण पेटतो. बाहेर एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. कारागीर हे न सांगता करतो का ते बघा. माझ्या लेखी हीच त्याची परीक्षा.

---

खिडकीपाशी

साडेचार महिन्यांनी धागा वर काढतेय. काम झालं, दुसऱ्याकडूनच.

आईची खोली आधी केली. घासायच्या दिवशी त्याचा मुलगा पट्ट्यांमधल्या फटींवरून लोहचुंबक फिरवत बसला होता. मी विचारलं हे काय? म्हणाला, टाचणी निघाली तर मशीनचा कागद फाटतो आणि सगळीकडे ओरखडा उमटतो. सात टाचण्या आणि अर्धी तुटलेली एक सुई निघाली. कागदाच्या पुडीत बांधून दिली त्याने मला, काही न बोलता.

४० नंबरच्या घासकागदापासून सुरू करून ६०, ८०, १०० असे गेले, एकही नंबर गाळला नाही. कोपऱ्यांत मशीन पोचेना तिथे पोलादी खरवडणीने हाताने. डाग दोन वेळा ऑक्झॅलिक लावून तपकिरी सावलीइतका उरला. पट्ट्या बदलू का म्हणाला, मीच नको म्हटलं. रंग मधाळ ठेवला, मामा खूश. खळगे आहेत, थोडे उथळ झालेत. करारात कलम नंबर ९ म्हणून नोंद आहे त्यांची, तिरकी_रेघ यांना आवडेल.

नव्या खोलीला तो तीन वेळा येऊन मोजून गेला आणि दोनदा "अजून नाही" म्हणून परत गेला. दुसऱ्या वेळी मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. सामान दुसऱ्या खोलीत रचलेलं, रोज त्यातून वाट काढायची. एका गोष्टीवरून वादही झाला. उंबऱ्यापाशी जुनी आणि नवी जमीन सरळ जोडून हवी होती मला, तो ऐकेना. दोन्ही वेगवेगळ्या हलणार, मधे पट्टी हवीच म्हणाला. पट्टी लावली. मला अजूनही ती डोळ्यात खुपते.

आणि काका, सध्या हवा कोरडी आहे. आईच्या खोलीत खिडकीकडे दोन पट्ट्यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडलीय. लांबी भरून घेऊ का?

---

गुडघेटेकू

अजिबात नको. हवा दमट झाली की ती पट्टी परत जागा मागेल, आणि भरलेली लांबी चुरा होऊन वर येईल. वर्षभर बघा, कुठल्या महिन्यात किती ते लिहून ठेवा. मिटली नाही तर हमीत आहेच, बोलवा त्याला.

उंबऱ्याच्या पट्टीबाबत त्याचंच बरोबर होतं. लाकूड बसवलं त्या दिवशीचे मीटरचे आकडे लिहून घेतलेत ना?

---

खिडकीपाशी

नव्या पट्ट्या ८ टक्के. कोब्याचा आकडा त्याने गमच्या डब्याशेजारी प्रोब धरून फोटोच काढून दिला, डब्यावरच्या मर्यादेच्या आत होता. दोन्ही करारामागे टाचून ठेवलेत. टाचणी आईची वापरली.